परवानगी आहे, हुकूम नाही

प्रकरण अभ्यास : ढाका आणि रावळपिंडी, ३ ते २० डिसेंबर १९७१

१९७१च्या युद्धात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी फौज शरण गेली तो निर्णय नेमका कोणाचा, हे शोधणारं हे प्रकरण मी पुण्यात आतापर्यंत चारदा घेतलं. पहिल्या तीन वेळा व्यवस्थापनाच्या मुलांपुढे, आणि ते बेताचंच झालं. चौथ्यांदा, गेल्या हिवाळ्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यास मंडळात घेतलं तेव्हा रंगलं. समोर एक निवृत्त कर्नल होते, बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या, आणि शेजारच्या अभ्यासिकेतून चहाच्या आशेनं आलेली एमपीएससीची दोन मुलं होती. खालची मांडणी त्या संध्याकाळची आहे. त्या बैठकीत उघड्या पडलेल्या माझ्या चुका दुरुस्त करूनच ती लिहितोय.

पद्धत साधी. फळ्यावर पाच नावं लिहायची : याह्या, हमीद, मलिक, नियाझी आणि पाचवं 'इतर'. एक लाल लोहचुंबक घ्यायचा. त्या दिवसांत पिंडी, म्हणजे रावळपिंडीतलं पाकिस्तानी लष्कराचं मुख्यालय, आणि ढाक्यामध्ये आलेगेलेले संदेश लिफाफ्यांत घालून एकेक उघडायचे, आणि प्रत्येक लिफाफ्यानंतर विचारायचं, "आता निर्णय कोणाच्या हातात?" ज्याचं नाव निघेल त्यासमोर चुंबक लावायचा.

पहिला लिफाफा उघडायच्या आधीच एमपीएससीचा एक मुलगा म्हणाला, "सर, लष्करी राजवट आहे. निर्णय याह्याचा. यात अभ्यास काय करायचा?" चुंबक याह्यांसमोर लावला आणि सुरुवात केली.

टोप्या

जनरल याह्या खान यांनी २५ मार्च १९६९ रोजी अयूब खानांकडून सत्ता घेतली. १९७१ उजाडेपर्यंत ते राष्ट्राध्यक्ष होते, मुख्य मार्शल लॉ प्रशासक होते आणि लष्कराचे सरसेनापतीही होते. संरक्षण आणि परराष्ट्र ही खातीही त्यांच्याच हातात. सरसेनापतिपदाचं रोजचं काम जनरल अब्दुल हमीद खान 'चीफ ऑफ स्टाफ' म्हणून बघत. अध्यक्षांकडे जाणारा कागद बहुधा लेफ्टनंट जनरल पीरजादा यांच्या टेबलावरून जाई. मोहिमांची आखणी चीफ ऑफ जनरल स्टाफ लेफ्टनंट जनरल गुल हसन यांच्याकडे.

डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. सत्ता मात्र दिली गेली नाही, आणि २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मी तो पाच मिनिटांत उरकतो. प्रकरणाला लागते ती पुढची व्यवस्था. एप्रिलमध्ये लेफ्टनंट जनरल नियाझी पूर्व विभागाचे सेनापती झाले. सप्टेंबरमध्ये टिक्का खानांच्या जागी डॉ. ए. एम. मलिक हे मुलकी राज्यपाल आले. जगाला दाखवायला मुलकी चेहरा हवा होता. मार्शल लॉचे अधिकार नियाझींकडे राहिले, आणि राज्यपालांच्या शेजारी सल्लागार म्हणून मेजर जनरल राव फरमान अली. म्हणजे ढाक्यात तीन माणसं, पिंडीत चार, आणि मध्ये भारताचा सोळाशे किलोमीटरचा पट्टा.

काकूंचा पहिला शेरा इथेच आला. "आमच्या बँकेत मॅनेजर रजेवर गेला की चार्ज कोणाकडे, हे रजिस्टरात सहीनिशी लिहावं लागायचं. यांचं रजिस्टर कुठेय?"

न घेतलेला निर्णय

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलानं पश्चिमेकडल्या भारतीय विमानतळांवर हल्ले केले. हा निर्णय याह्यांचा, त्यात वाद नाही. पण हा अर्धाच निर्णय होता. पाकिस्तानी लष्कराचं जुनं सूत्र होतं की पूर्वेचं रक्षण पश्चिमेत करायचं. म्हणजे पश्चिमेत जोरदार मुसंडी मारून भारताचा प्रदेश घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात ढाका वाचवायचा. त्यासाठी टिक्का खानांच्या हाताखाली राखीव कोअर, म्हणजे काही डिव्हिजनांची मोठी फौज, तयार ठेवली होती. ती मुसंडी युद्ध संपेपर्यंत निघालीच नाही. आज नको, उद्या बघू, असं करत पूर्वेचं युद्ध संपून गेलं.

इथे आमची गाडी रुळावरून घसरली, कारण कर्नलसाहेबांनी लोंगेवाला काढलं. राजस्थानची ती आघाडी पुण्यात मुख्यालय असलेल्या लष्कराच्या दक्षिण कमांडकडे होती, आणि तेव्हा कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ बेवूर. पुणेकराला हा विषय मिळाला की अर्धा तास जातोच. पण कर्नलसाहेबांचा मुद्दा कामाचा निघाला. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवालाकडे निघाले ते विमानांच्या छत्राशिवाय. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्या वाळूत रणगाडे टिपले गेले. "लष्करानं बेत आखला आणि हवाई दल त्यात धरलंच नाही," ते म्हणाले. "लोकशाहीत दोन सेनाप्रमुखांचं जमलं नाही तर वर कोणीतरी बसलेला असतो, तो दोघांना बोलावून झापतो. इथे वर बसलेला माणूस म्हणजे लष्करप्रमुखच. मग भांडण मिटवायचं कोणी?"

मी हे माझ्या टिपणात लिहून घेतलं. तोवर मी शिकवत होतो की सगळी पदं एका माणसाकडे आली की निर्णय झटपट होतात. सगळ्या टोप्या एका डोक्यावर आल्या म्हणजे बाकीच्या खुर्च्या रिकाम्या पडतात, ही बाजू मला सुचली नव्हती.

नऊ तारखेचा लिफाफा

९ डिसेंबरपर्यंत जेसोर पडलं होतं आणि भारतीय फौजा मेघनेपर्यंत आल्या होत्या. राज्यपाल मलिकांनी अध्यक्षांना कळवलं की परिस्थिती हाताबाहेर चालली आहे, ताबडतोब शस्त्रसंधी आणि राजकीय तोडगा यांचा विचार करा. त्याच रात्री याह्यांचं उत्तर आलं. आशय असा : तुमच्या प्रस्तावांवर निर्णय घ्यायला माझी परवानगी आहे. आपण एकमेकांपासून पूर्ण तुटलो आहोत, तेव्हा पूर्व पाकिस्तानबद्दलचा निर्णय मी सर्वस्वी तुमच्या सद्बुद्धीवर सोपवतो. तुम्ही घ्याल तो निर्णय मला मान्य राहील, आणि तो पाळायला नियाझींनाही सांगतो आहे.

लिफाफा वाचून झाल्यावर चुंबक हलला. सगळ्यांचं एकमत : मलिक. ज्या मुलानं सुरुवातीला हरकत घेतली होती तो गप्प बसून वहीत काहीतरी लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी ढाक्याच्या मंडळींनी ती परवानगी अक्षरशः खरी मानली. फरमान अलींनी संयुक्त राष्ट्रांचे ढाक्यातले प्रतिनिधी पॉल मार्क आंरी यांच्या हाती मसुदा दिला. शस्त्रसंधी, पूर्वेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे सत्ता आणि पाकिस्तानी फौजांची सुखरूप परतपाठवणी, अशा मागण्या होत्या. शरणागतीचा प्रश्नच येत नाही, असंही त्यात ठणकावलं होतं.

पिंडीची तार लगेच आली. तुमचा मसुदा मी मान्य केलेल्या गोष्टींच्या फार पुढे गेला आहे. त्यावरून तुम्ही अख्ख्या पाकिस्तानच्या वतीनं बोलताय असं दिसतं. हे म्हणजे स्वतंत्र पूर्व पाकिस्तान कबूल करण्यासारखंच आहे. आणि ११ तारखेला आणखी एक : माझ्या आधीच्या संदेशावर काहीही कारवाई करू नका. आपले मित्र फार महत्त्वाच्या राजनैतिक आणि लष्करी हालचाली करत आहेत, काहीही करून आणखी ३६ तास तग धरा.

मित्र म्हणजे चीन आणि अमेरिका. चीन आला नाही. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, पण ढाक्याला त्याचा उपयोग झाला नाही. ११ तारखेला टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले ते भारताचे.

चुंबक परत याह्यांकडे गेला. माझ्या मते सगळं प्रकरण या दोन दिवसांत आहे. ९ तारखेला सोडून दिलेली सत्ता १० तारखेला परत घेता येते, म्हणजे ती सोडलेलीच नव्हती. मलिकांना मिळाली होती ती फक्त जबाबदारी. त्यांनी काहीच केलं नसतं तर परवानगी असून हात बांधून बसले असा ठपका आला असता. केलं, तर हद्द ओलांडली असा आला. घरातल्या थोरल्याला "तुला योग्य वाटेल ते कर" असं सांगणारे वडील आपल्याकडे घरोघर सापडतात. त्यानं केलं की मग त्यांचा आवाज येतो.

ध आणि मा

१४ तारखेचा लिफाफा मी मुद्दाम चहानंतर ठेवतो. त्या दिवशी दुपारी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक चालू असताना भारतीय विमानांनी इमारतीवर हल्ला केला. मलिकांनी बॉलपेननं एका कागदावर राजीनामा लिहिला आणि रेड क्रॉसच्या संरक्षणाखाली असलेल्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात आसरा घेतला.

त्याच दिवशीचा याह्यांचा संदेश मलिक आणि नियाझी दोघांच्या नावे होता. तुम्ही प्रचंड संकटाशी वीरासारखे लढलात, देशाला तुमचा अभिमान आहे. आता अशी वेळ आली आहे की यापुढे प्रतिकार करणं माणसाच्या शक्तीबाहेरचं आहे आणि त्यातून काही साधणारही नाही. लढाई थांबवण्यासाठी आणि सैनिकांचे, पश्चिम पाकिस्तानातल्या लोकांचे व निष्ठावंतांचे जीव वाचवण्यासाठी आवश्यक ती सगळी पावलं उचला.

मी कागद फिरवला आणि म्हटलं, यात 'शरण जा' हे शब्द शोधा. बराच वेळ कोणी बोललं नाही. कर्नलसाहेबांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. "सैन्यात याला हुकूम म्हणत नाहीत," ते म्हणाले. "हुकुमात कोणी, काय, किती वाजेपर्यंत, हे असतं. इथे नुसतं वर्णन आहे. वर्णनावर सही करून माणूस निसटतो."

काकूंनी मग शनिवारवाडा आणला. आम्ही बसलो होतो तिथून तो चालत पंधरा-वीस मिनिटांवर, तेव्हा तो येणारच होता. रघुनाथरावांच्या चिठ्ठीत नारायणरावांना 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी पेशव्याला मारलं, अशी आख्यायिका. "तिथे निदान कोणीतरी अक्षर बदललं म्हणतात," काकू म्हणाल्या. "इथे अक्षरच असं लिहिलंय की ज्याला धरायचंय त्यानं धरावं, ज्याला मारायचंय त्यानं मारावं, आणि नंतर वाड्यातला म्हणेल, मी कुठे सांगितलं?"

पुढे नेमकं तसंच झालं. युद्धानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती हमूदुर रहमान आयोगानं हे संदेश तपासले आणि निष्कर्ष काढला की शरण जाण्याचा हुकूम नव्हता. सेनापतीनं रंगवलेलं भीषण चित्र बघून वरिष्ठांनी फक्त परवानगी दिली, तीही त्याच्या स्वतःच्या मते गरज असेल तर. नियाझींच्याच अंदाजानुसार ढाक्यात त्यांच्याकडे गणवेशातली २६,४०० माणसं होती आणि आणखी किमान दोन आठवडे टिकता आलं असतं, असंही आयोगानं सुनावलं. नियाझी शेवटपर्यंत म्हणत राहिले की वरूनच आलं होतं.

इथे एक गोष्ट प्रकरणाच्या चौकटीत बसत नाही, तरी ती गाळणं मला जमत नाही. निर्णय कोणाचा यावर पिंडी आणि ढाक्यात घोळ चालू असताना, त्याच दिवसांत ढाक्यात बंगाली प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घराघरांतून उचलून नेऊन मारले जात होते. बांगलादेश १४ डिसेंबर हा शहीद बुद्धिजीवी दिन पाळतो. थांबायचं की नाही हे ठरेना, पण मारणारे कोणाच्या सहीसाठी थांबले नाहीत. एमपीएससीचा दुसरा, तोवर एक शब्द न बोललेला मुलगा म्हणाला, "मग चुंबक तिकडे ठेवायला पाहिजे." फळ्यावर त्यासाठी नाव नव्हतं. त्यानं तो 'इतर'समोर ठेवला. कोणी काढला नाही.

सुचवतो

१४ तारखेला संध्याकाळी नियाझी ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत स्पिव्हॅक यांच्याकडे गेले. शस्त्रसंधीचा प्रस्ताव तिथून वॉशिंग्टनमार्गे दिल्लीला पोचला. जनरल माणेकशॉ यांनी १५ तारखेच्या संध्याकाळी पाचपासून हवाई हल्ले थांबवले आणि सांगितलं की शरण या.

त्यावर पिंडीच्या चीफ ऑफ स्टाफचा, म्हणजे हमीद यांचा, संदेश आला. माझ्या संग्रहातला हा सगळ्यात आवडता कागद. या अटींवर शस्त्रसंधी स्वीकारा असं मी 'सुचवतो', कारण त्या तुमची गरज भागवतात. मात्र ही दोन सेनापतींमधली स्थानिक व्यवस्था असेल, आणि संयुक्त राष्ट्रांत जो तोडगा शोधला जातोय त्याच्याशी ती विसंगत ठरली तर ती रद्दबातल समजली जाईल.

हे वाचल्यावर काकू खो खो हसल्या. "कर्ज मंजूर करा असं सुचवतो, बुडालं तर मंजुरी रद्दबातल. आमचे झोनल ऑफिसवाले यांच्याकडूनच शिकले असणार."

१६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली. सहीखाली त्यांनी दोन पदं लिहिली आहेत : मार्शल लॉ प्रशासक, विभाग 'ब', आणि सेनापती, पूर्व विभाग. सुमारे ९३ हजार माणसं, सैनिक आणि नागरिक, कैदेत गेली. रेडिओ पाकिस्ताननं बातमी दिली की भारत आणि पाकिस्तानच्या स्थानिक सेनापतींमध्ये झालेल्या व्यवस्थेनुसार पूर्वेत लढाई थांबली आहे आणि भारतीय सैन्य ढाक्यात शिरलं आहे. 'स्थानिक' हा शब्द आदल्या दिवशीच्या तारेतून उचललेला. त्याच संध्याकाळी याह्यांनी भाषणात युद्ध चालूच राहील असं सांगितलं. भारतानं पश्चिमेत एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी याह्यांनी ती मान्य केली. पूर्वेबद्दल जे सात दिवसांत ठरेना, ते पश्चिमेबद्दल एका दिवसात ठरलं. पश्चिमेत त्यांची स्वतःची खुर्ची होती.

शेवटचा लिफाफा

"मग सरळ सांगा ना, याह्याच," पहिला मुलगा पुन्हा म्हणाला. त्याचं तसं चुकत नव्हतं. नकार द्यायची सत्ता अखेरपर्यंत याह्यांकडेच होती. पण ती त्यांच्याकडून काढून घेणारेही कोणी होते, आणि ते माझ्या फळ्यावर नव्हते.

१६ तारखेनंतर छावण्यांमध्ये असंतोष उसळला. पश्चिम पाकिस्तानातल्या गुजरानवाला छावणीच्या अधिकाऱ्यांनी याह्यांनी जावं अशी मागणी पिंडीला कळवली. लष्करी मुख्यालयात हमीद अधिकाऱ्यांसमोर बोलायला उभे राहिले, आणि सभागृहातून वरिष्ठांना शिव्या आल्या. गुल हसन आणि हवाई दलप्रमुख रहीम खान यांनी बाजू बदलली. न्यूयॉर्कला गेलेल्या भुट्टोंना, पश्चिम पाकिस्तानातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाच्या नेत्याला, बोलावून घेतलं गेलं आणि २० डिसेंबरला त्यांनी अध्यक्षपदाबरोबर मुख्य मार्शल लॉ प्रशासकाची टोपीही घेतली. मुलकी माणसाच्या डोक्यावर ती टोपी पाकिस्तानात पहिल्यांदाच. हमीद घरी गेले, याह्या नजरकैदेत. गुल हसन लष्करप्रमुख झाले. ३ मार्च १९७२ रोजी भुट्टोंनी गुल हसन आणि रहीम खान दोघांकडून राजीनामे लिहून घेतले आणि मोटारीनं त्यांची लाहोरला रवानगी केली.

आयोगानं याह्या, हमीद, पीरजादा, गुल हसन यांच्यासह सहा जणांवर जाहीर खटला चालवा अशी शिफारस केली. खटला झाला नाही. अहवालही २००० सालापर्यंत लोकांसमोर आला नाही.

फळ्यावर 'इतर'समोर चुंबक तसाच होता. कर्नलसाहेबांनी खडूनं त्याखाली लिहिलं, 'गुजरानवाला', आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. "युद्ध हरल्यावर हे जागे झाले," ते म्हणाले. "हे लोक ९ तारखेला कुठे होते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. "पगार चालू होता," त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळेसाठी एक दुरुस्ती करून ठेवली आहे. १४ तारखेचा संदेश दोघांच्या नावे होता, आणि मी तो आजवर सगळ्यांना एकत्रच वाचून दाखवत आलो. आता दोन गट करायचे. एक मलिकांचा, एक नियाझींचा. मलिकांच्या गटाला संदेश द्यायच्या आधी बाहेर गॅलरीत पाठवायचं, आणि त्यांची प्रत टेबलावर तशीच पडू द्यायची.